होडीच्या मोटरच्या फ्लायव्हीलवर (वरच्या जड चाकावर) ‘विलिअर्स’ आहे, म्हणजे मोटर विलिअर्सचीच ना?

कृष्णाकाठ: अंकलीजवळ मळ्यातला जुना गोठा उतरवताना होडीची मोटर सापडली. पितळी टाकी, खाली दोन उघड्या नळ्या, तळाला पंखा. दोरी गुंडाळायची खाच असलेल्या फ्लायव्हीलवर ‘विलिअर्स’. दुसरं नाव कुठंच नाही. माझ्या मते विलिअर्सचीच. भंगारवाला किलोवर मागतोय, पण मी घासून, रंग मारून सोप्यात ठेवणार.

उद्यमबागी: विलिअर्स कंपनीचा फक्त मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी पाडणारा भाग हो. मोटर ब्रिटिश सीगल या होडीच्या मोटरी करणाऱ्या कंपनीची वाटते. सीगलवाले मॅग्नेटो बाहेरून घ्यायचे. बैलगाडीच्या टायरवर एमआरएफ असलं म्हणून गाडी एमआरएफची होते काय? पंखा बघा. सीगलमध्ये तो जाड स्प्रिंगवर फिरतो, दगड लागला की दणका स्प्रिंग खाते.

निपाणीकर: सापडलं जुनं की सीगल! विलिअर्सची इंजिनं पंपालाही लागायची. आपल्याकडं लेथवाले काय वाट्टेल ते जुळवतात. पंपाचं इंजिन नळीवर बसवलं असणार, पैज लावा.

उद्यमबागी: लावा की. पंपाच्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट (फिरणारा मुख्य दांडा) आडवा, सिलिंडरला हवेनं थंड व्हायला पापुद्रे. ह्याचं फ्लायव्हील माथ्यावर सपाट, म्हणजे क्रँकशाफ्ट उभा. सिलिंडर कसा आहे?

कृष्णाकाठ: गुळगुळीत, पापुद्रे नाहीत. पंख्यामागं स्प्रिंग पण हाय.

उद्यमबागी: मग पाण्यानं थंड होणारी. निपाणीकर, चहा तुमच्याकडं.

हिडकलवाला: आणि युद्धातली! सीगलनं दुसऱ्या महायुद्धात फौजेला 102 मॉडेल पुरवलं होतं. बेळगावात पलटण आहेच. लाखाखाली देऊ नका.

उद्यमबागी: 102 चं खरं आहे. पण मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथं आहे म्हणून जिल्ह्यातलं सगळं जुनं लोखंड लष्करी होत नाही. क्रँककेसवरचा (क्रँकशाफ्टच्या पेटीवरचा) ठोकलेला नंबर वाचा. पुढची अक्षरं मॉडेल सांगतात, नंतरच्या मोटरींत शेवटी महिना-वर्षाची खूण असते. त्याआधी सँडब्लास्ट (वाळूच्या माऱ्यानं साफ) केलंत तर नंबर पुसट होऊन बसेल. रॉकेलनं पुसा, खडू चोळा, वरचा फडक्यानं काढा. खाचेत पांढरं राहतं.

निपाणीकर: चहा देतो, पण गंजाची पूजा मला पटत नाही. वस्तू चालली पाहिजे. पेट्रोल ओतून दोरीला एक झटका द्या.

उद्यमबागी: कोरडी अजिबात नको, पंखा आणि खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवूनच. आणि आजच्या टू-स्ट्रोकसारखं चमचाभर तेल नको. जुन्या सीगलला दहा भाग पेट्रोलला एक भाग तेल; आत पितळी बुश आहेत, तेल कमी पडलं तर धरतात.

कृष्णाकाठ: रंग राहू दे मग. खडू आणतो.