मदत हवी आहे: युरियाच्या द्रावणात रक्तपेशी का फुटतात?

नमस्कार मंडळी, परासरण (पातळ पटलातून पाणी कमी विरघळलेल्या कणांच्या बाजूकडून जास्त कणांच्या बाजूला जाणं) शिकवताना एका जागी अडलोय.

०.९ टक्के मिठाच्या पाण्यात तांबड्या रक्तपेशी शाबूत राहतात. द्रावण गढूळ लाल दिसतं. १.८ टक्के युरियाचं द्रावणही कणसंख्येच्या हिशेबाने जवळपास तेवढंच, लिटरमागे सुमारे ३०० मिलीमोल. तरी त्यात पेशी टाकल्या की बघता बघता फुटतात आणि द्रावण पारदर्शक लाल होतं, मागे धरलेली अक्षरंसुद्धा वाचता येतात. फार सुंदर प्रयोग आहे, जमला तर वर्गात जरूर दाखवा.

युरिया पेशीच्या पटलातून (बाहेरच्या पातळ आवरणातून) आत शिरतो, पाठोपाठ पाणी शिरतं, आतलं हिमोग्लोबिन मात्र बाहेर पडू शकत नाही, इथवर ठीक. पण सोडियमही थोडाथोडा आत झिरपतोच ना? त्याला पटलातला पंप (आयन ढकलणारं प्रथिन) बाहेर काढतो, दर फेरीला ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत. मग पंप बंद पाडला तर मिठाच्या पाण्यातल्या पेशीही उशिरा का होईना फुटतील का? आणि तसं असेल, तर ‘समपरासारी’ (आयसोटॉनिक, म्हणजे ज्यात पेशी फुगतही नाही, आकसतही नाही असं) हा गुण नुसत्या द्रावणाचा म्हणायचा की द्रावण आणि पटल या जोडीचा?

अकरावीच्या मुलांना पटेल असं कुणी समजावून सांगाल का?