मे महिन्यात परभणीहून खेड्यात केक न्यायचाय, क्रीम टिकेल का?

प्रश्न: नातवाचा पहिला वाढदिवस. दीड किलोचा बिनअंड्याचा केक, वर क्रीमचे गुलाब. जीपनं दीड तास, पारा 42 च्या पुढं. क्रीम कोणतं घ्यावं? स्पंजही मधोमध बसतो.

उत्तर १: ताई, साधं फ्रेश क्रीम घेऊ नका. त्यात फॅट 25 टक्क्यांच्या आसपास, फेटून उभंच राहत नाही. नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम (दुधाऐवजी वनस्पती तेलाचं, फेटायचं क्रीम) 450 ग्रॅम पुरेल. फ्रीजरमधून काढून रात्रभर खाली फ्रीजमध्ये ठेवा. फेटताना बर्फाचे बारीक कण शिल्लक हवेत. भांडं आणि बीटरची पाती अर्धा तास फ्रीजरमध्ये. आधी मंद, मग मध्यम वेग. टोक किंचित वाकलं की लेपायला तयार. गुलाबांपुरतं वेगळं काढून टोक ताठ होईस्तोवर फेटा. त्यापुढं गेलं की क्रीम रवाळ होतं, पाकळ्यांच्या कडा फाटतात. तसं झालंच तर दोन चमचे न फेटलेलं गार क्रीम घालून हातानं हलवा, बहुतेकदा सावरतं.

उत्तर २: स्पंज बसतो तो बहुधा पीठ थांबल्यामुळं. 7 इंची डब्याला दही 1 कप, साखर पाऊण कप, तेल अर्धा कप, मैदा दीड कप, बेकिंग पावडर सव्वा चमचा, सोडा अर्धा चमचा (मापाचेच चमचे), व्हॅनिला. साखर दह्यात विरघळवा, पावडर-सोडा घालून पाच मिनिटं फसफसू द्या, मग तेल आणि चाळलेला मैदा. मैद्यानंतर बीटर नको, स्पंज चिवट होतो. ओव्हन आधीच 180 ला तापलेलं हवं. पीठ ओट्यावर राहिलं की हवा निघून जाते. 30-35 मिनिटं, पहिली 25 दार उघडू नका. तुम्हाला 8 इंची डबा, दीडपट साहित्य, वेळ थोडा जास्त. लाईट जायची वेळ बघूनच भट्टी लावा.

उत्तर ३: एवढ्या उन्हात बाहेरून गनाशच (चॉकलेट-क्रीमचा लेप) लावा. डार्क कंपाउंड चॉकलेट 450 ग्रॅम, गरम फ्रेश क्रीम 150 ग्रॅम. फेटलेलं क्रीम फक्त आतल्या थरांत.

प्रश्न: वर फाँडंटची (साखरेच्या मळलेल्या गोळ्याची) बाहुली चालेल का?

उत्तर ३: चालेल, पण कूलरसमोर ठेवू नका, ओलाव्यानं चिकट होते. फ्रीजमध्येही नको. तिथं पोचल्यावरच बसवा.

उत्तर १: गुलाबही तिथंच काढा, क्रीम पायपिंग बॅगेत बर्फावर न्या. केक आदल्या रात्री फ्रीजमध्ये, निघताना थर्माकोलच्या खोक्यात. कडेनं गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून. खोकं सीटवर नको, सीट उतरती असते. खाली सपाट जागेवर, ओल्या गोणपाटावर ठेवा म्हणजे सरकत नाही.