अनुभव धागा : पत्रिका आखण्यापासून पाकीट चिकटवण्यापर्यंत

आपल्या किंवा घरातल्या कुणाच्या लग्नाची पत्रिका ज्यांनी स्वतः आखली, लिहिली, छापून घेतली, पाकिटांत भरली, त्या सगळ्यांसाठी हा धागा. तयार पत्रिकांचे नमुने हवे तेवढे बघायला मिळतात. त्या करताना कशाच्या आधी काय ठरवावं लागतं हे मात्र करणाऱ्यालाच कळतं, आणि लग्न पार पडलं की ते कुणी सांगत बसत नाही. म्हणून विचारते : कुठल्या एका निर्णयामुळे तुमची पुढची कामं सरळ झाली, किंवा अडली? कागद, मजकूर, छपाई, पत्ते, काहीही चालेल. मापं आणि वजनं आठवत असतील तर जरूर लिहा.

सुरुवात मी करते. माझं ठाम मत आहे की पत्रिकेची सुरुवात पाकिटापासून करावी. धाकट्या भावाच्या लग्नात आम्ही नक्षी, रंग सगळं बाजूला ठेवून आधी पाकीट निवडलं : सी-६, म्हणजे ११४ × १६२ मिलिमीटर. त्यात ए-६ मापाचं कार्ड (१०५ × १४८) तसंच बसतं आणि ए-५ कागद मधोमध एकदा दुमडला की तोही बसतो. दोन्ही मापं छापणाऱ्यांच्या रोजच्या हातातली असल्यामुळे कागद वाया जात नाही. चौकोनी पत्रिका दिसते छान, पण तिला पाकीट वेगळं शोधावं लागतं, आणि काही देशांच्या टपालात चौकोनी पाकीट यंत्रावर नीट चढत नाही म्हणून जादा पैसे लावतात.

वजनाचा हिशेबही पाकिटाबरोबरच करून टाका. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-० ताव एक चौरस मीटरचा, आणि ए-५ हा त्याचा बत्तिसावा भाग. तेव्हा ३०० जीएसएमचं ए-५ कार्ड ३०० भागिले ३२, म्हणजे साधारण ९.४ ग्रॅम. पाकिटाचे चार-पाच ग्रॅम धरा, वर नकाशाची चिठ्ठी धरा. टपालाचा दर वजनाच्या टप्प्यांनी वाढतो, आणि एका जादा चिठ्ठीने सगळी चळत पुढच्या टप्प्यात जाऊ शकते. हे कागद घेण्याआधी कळलं तर २५० जीएसएमवर येता येतं.

नवरीची मावशी, मजकूर लिहिणारी

पाकिटाचं पटलं, पण आमच्याकडे सगळं अडलं होतं ते मजकुरावर. माझा अनुभव असा की लिहायला बसण्याआधी एकच गोष्ट ठरवावी : बोलावतंय कोण? ते ठरलं की वाक्याचा कर्ता मिळतो आणि बाकीची नावं आपापल्या जागी बसतात.

भाचीचे वडील हयात नाहीत. पहिल्या मसुद्यात एका नातेवाइकांनी मायेपोटी त्यांचं नाव निमंत्रकांत घातलं होतं. भावना कळते, पण वाचणारा तिथे अडखळतो, कारण निमंत्रण देणं हे हयात माणसाचं काम. आम्ही ते नाव नवरीच्या ओळखीत घेतलं, ‘कै. अमुक आणि श्रीमती तमुक यांची कन्या’ असं, आणि निमंत्रण ताईच्या एकटीच्या नावाने दिलं. ताईला ते वाचताना बरं वाटलं. वडील पत्रिकेत आहेत आणि मुलीच्या नावाला लागूनच आहेत.

मुलाकडचे आईवडील विभक्त झालेले. त्यांची नावं आम्ही दोन स्वतंत्र ओळींत घेतली, मध्ये ‘आणि’ ठेवला नाही. ‘सौ.’ लावायचं की ‘श्रीमती’, आडनाव कुठलं, हे मी दोघांना वेगवेगळं फोन करून विचारलं. ज्यांचं ज्यांचं नाव छापलं जाणार आहे त्या प्रत्येकाला त्याची ओळ आधी वाचून दाखवा. या एका कामात कंटाळा करू नका. छापून आल्यावर दुखावलेलं माणूस लग्नभर दुखावलेलं राहतं.

तारखेबद्दल : वार लिहाच. वार आणि तारीख जुळत नसेल तर ते प्रूफमध्येच, म्हणजे छपाईआधी तपासायला मिळणाऱ्या नमुन्यातच, लक्षात येतं. नुसत्या आकड्यातली चूक कुणाला दिसत नाही. महिना अक्षरांत लिहा. ५/६ हे कुणासाठी पाच जून असतं, कुणासाठी सहा मे, आणि हल्ली प्रत्येकाचं कुणी ना कुणी परदेशात असतंच. शेवटी, लग्नाबद्दल काहीच माहीत नसलेल्या एखाद्या माणसाच्या हातात मसुदा द्या आणि कुठे, कधी, कुणाचं हे त्याला सांगायला लावा. आमच्या शेजारच्या काकांनी कार्यालयाचं नाव बरोबर सांगितलं, पण जेवण विधीच्या आधी की नंतर ते त्यांना सांगता येईना. ती ओळ आम्ही बदलली.

डीटीपी करणारा

मी गेली कित्येक वर्षं पत्रिकांची अक्षरजुळणी करतो. मावशींनी मजकुराचं सांगितलं, तो मजकूर आमच्याकडे येतो तेव्हा त्याचं काय होतं ते लिहितो.

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, टाइप करून द्या. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर नुसती चिन्हं होऊन बसतो. युनिकोड असला तरी भारतीय लिप्यांची सोय चालू नसलेल्या आज्ञावलीत जोडाक्षरं सुटतात, रफार भलतीकडे जातो, पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे बसण्याऐवजी उजवीकडे पडते. म्हणून प्रूफ मागाल ते छपाईला जाणाऱ्या फाइलचंच मागा, तुम्ही पाठवलेल्या मजकुराचं नव्हे. नावातली जोडाक्षरं एकेक बोट ठेवून बघा.

रोमन अक्षरांत दोन अक्षरांमधलं अंतर वाढवलं की ती ऐसपैस दिसतात. तेच देवनागरीत केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. नाव मोठं दिसायला हवं असेल तर अक्षर मोठं करा. ओळींमधलं अंतरही रोमनपेक्षा जास्त लागतं. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांना भिडता कामा नयेत.

आता छपाईचं. रंग किंवा चित्र कागदाच्या कडेपर्यंत जाणार असेल तर चारी बाजूंना ३ मिलिमीटर जादा ठेवा, आणि अक्षरं कडेपासून निदान ५ मिलिमीटर आत. कापताना सुरी किंचित सरकतेच. बारीक काळा मजकूर नुसत्या काळ्या शाईत ठेवा. तो चार रंग मिळून केला आणि एखादा रंग जरासा हलला, की अक्षराला रंगीत सावली येते. गडद कागदावर पांढरी अक्षरं हवी असणारे पुष्कळ येतात. नेहमीच्या छपाईचे चार रंग म्हणजे सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा. पांढरा त्यांत नाहीच. त्यासाठी स्क्रीन प्रिंटिंग (जाळीतून शाई दाबून केलेली छपाई), फॉइल (रंगीत किंवा चमकदार पातळ पापुद्रा), नाहीतर पांढरा टोनर (शाईची भुकटी) असलेलं यंत्र लागतं. फॉइल उष्णतेने आणि दाबाने ठशावरून कागदावर बसतं. त्यात श, भ, ध यांच्या गाठी आणि बारीक पोकळ्या बुजतात, तेव्हा फॉइलमध्ये फक्त नावं घ्या, जाड आणि मोकळ्या वळणाच्या अक्षरांत. पत्ता साध्या शाईतच राहू द्या.

नवऱ्या मुलाची वहिनी

घडीबद्दल कुणी लिहिलं नाही. २०० जीएसएमच्या वरचा कागद तसाच दुमडला तर घडीवर तडकतो, आणि तिथे गडद रंग असेल तर आतली पांढरी रेघ उघडी पडते. आधी क्रीझिंग करून घ्यायचं, म्हणजे घडीच्या जागी दाबून खाच पाडायची. कागदाच्या धाग्यांची दिशाही बघावी. तावाचा तुकडा हातात हलकेच वाकवला की एका बाजूने सहज वळतो आणि दुसऱ्या बाजूने विरोध करतो. सहज वळतो त्या दिशेची घडी स्वच्छ बसते. तीन पदरी घडी असेल तर आत जाणारा पदर एक-दोन मिलिमीटर अरुंद ठेवायला सांगा, नाहीतर तो फुगतो.

पत्त्यांची यादी सांभाळणारा नवरदेव

पत्रिका माणशी लागत नाही, घरटी लागते. यादी करताना मी दोन रकाने केले, घर आणि माणसं. पहिल्यावर छपाईचा आकडा ठरला, दुसऱ्यावर जेवणाचा. पाकिटावर कुणाकुणाची नावं हेही त्याच यादीत. ‘सहकुटुंब’ लिहिलं की अर्थ एक होतो, नुसती दोन नावं लिहिली की दुसरा. ते मोघम ठेवलं की फोनवर अवघड बोलणी होतात.

येणार की नाही हे कळवायचं छोटं कार्ड आम्ही सोबत घातलं होतं. प्रत्येक कार्डाच्या मागे कोपऱ्यात पेन्सिलीने यादीतला क्रमांक घातला. लोक कार्ड मनापासून भरतात, ‘आम्ही चौघे येतोय’ असं लिहितात आणि नाव लिहायचं राहून जातं. क्रमांकामुळे ती घरं सापडली.

पत्ते हाताने लिहिणार असाल तर पाकिटाच्या कागदावर पेन आधी चालवून, वाळू देऊन, वरून ओलं बोट फिरवून बघा. चकचकीत कागदावर जेलची शाई लवकर वाळत नाही. आणि पाकिटं पत्रिकांपेक्षा थोडी जास्त मागवा, पत्ता लिहिताना काही बिघडतातच.

दृष्टी अधू असलेली एक आत्या

मला गेली काही वर्षं बारीक अक्षर दिसत नाही. पत्रिका आली की कुणीतरी वाचून दाखवतं, आणि हल्ली तर ती फोनवर चित्र म्हणून येते. फोनचा आवाज मला संदेश वाचून दाखवतो, पण चित्रातली नक्षीदार अक्षरं तो वाचत नाही किंवा त्यांचे तुकडे वाचतो. भाच्याने चित्राखाली सगळा मजकूर साध्या अक्षरांत लिहून पाठवला : नावं, वार, वेळ, पत्ता. माझं निमंत्रण मी स्वतः ऐकलं, पहिल्यांदा आणि एकटीने. त्याचा मला किती आनंद झाला हे सांगण्यासाठीच इथे लिहितेय. त्याला दोन मिनिटंही लागली नसतील. छापील पत्रिकेत निदान वेळ आणि ठिकाण ठसठशीत, गडद आणि मोठ्या अक्षरांत घ्या. फिकट कागदावरची सोनेरी अक्षरं माझ्यासारख्यांना दिसतच नाहीत.

डीटीपी करणारा, पुन्हा

आत्यांचं वाचून क्यूआर कोडबद्दल लिहायचं सुचलं. हा कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मोटारींचे सुटे भाग ओळखायला तयार झाला. त्याच्या भोवती त्यातल्याच चार बारीक ठिपक्यांच्या रुंदीएवढी कोरी जागा लागते. तिथे नक्षी आली की कॅमेरा गोंधळतो. फॉइलमध्ये तो कधीच छापू नका, चमकेमुळे वाचला जात नाही. फिकट पार्श्वभूमीवर गडद आणि निदान दोन सेंटिमीटर, एवढं पाळा. काही सेवांचे कोड आधी त्यांच्या दुव्यावर जातात आणि तिथून पुढे. वर्गणी संपली की असा कोड बंद पडतो. नकाशाचा दुवा थेट कोडातच असेल तर ती भीती नाही, आणि कोड असला तरी ठिकाणाचा पत्ता अक्षरांतही हवाच.

पाकिटं भरणाऱ्या काकू

आमच्या घरी भरण्याचं काम माझ्याकडे असतं. एकेक पत्रिका पहिल्यापासून शेवटपर्यंत करू नका. एकाने सगळ्या घड्या घालायच्या, दुसऱ्याने कागदी पट्टे लावायचे, तिसऱ्याने भरायच्या. हात बसतो आणि एखादी चिठ्ठी राहिली तर गठ्ठ्याची उंची बघून लगेच कळतं. मोठं कार्ड तळाशी, त्यावर उतरत्या मापाने बाकीचं, सगळ्यांचं तोंड उघडणाऱ्याकडे.

पातळ कागदाला ओला डिंक लावू नये, ओल शोषून कागद सुरकुततो. दुहेरी चिकटपट्टी बरी. वरून ट्रेसिंग पेपरसारखा पारदर्शक कागद असेल तर चिकटपट्टीही दिसते. तिथे दोरा नाहीतर कागदी पट्टा बांधावा. लाखेची मोहोर सुंदर दिसते, पण जुन्या पद्धतीची लाख ठिसूळ असते आणि टपालाच्या यंत्रातून वाकताना फुटते. हल्ली लवचीक लाख मिळते ती घ्या, किंवा मोहोर आतल्या कार्डावर लावून बाहेर साधं पाकीट ठेवा.

आणि पहिली भरलेली पत्रिका स्वतःच्याच पत्त्यावर टपालाने पाठवा. ती हातात पडल्यावर कोपरे, शाई, मोहोर, तिकीट सगळं तपासा, मग बाकीच्या टाका.

२०२० सालच्या लग्नातली नवरी

आमची तारीख साथीमुळे बदलली. मुख्य कार्डावर फक्त नावं आणि निमंत्रणाचा मजकूर होता, तारीख-वेळ-स्थळ वेगळ्या चिठ्ठीवर. तेव्हा पत्रिका वाटल्या गेल्या नव्हत्या, त्यामुळे फक्त चिठ्ठी नव्याने छापावी लागली. ही रचना सोयीसाठी केली होती, कामाला भलत्याच वेळी आली.

एक प्रश्न

भाचीला हातकागदावर पत्रिका हवी आहे. घरच्या लेझर प्रिंटरवर निघेल का?

डीटीपी करणारा

हातकागदाची जाडी सगळीकडे सारखी नसते, आणि कडा सुटलेल्या असतील तर यंत्र तो सरळ ओढत नाही. लेझर प्रिंटर टोनर उष्णतेने आणि दाबाने बसवतो. खडबडीत कागदावर तो खळग्यांत पोचत नाही आणि नखाने निघतो. बिया घातलेला कागद असेल तर त्या यंत्रात अजिबात घालू नका. स्क्रीन प्रिंटिंग करून घ्या, अक्षर ठसठशीत ठेवा, आणि आधी दोन-तीन तुकड्यांवर छापून मागा. मजकूर थोडका असेल तर हातकागदावर फक्त नावं घ्या आणि बाकीचं साध्या गुळगुळीत कार्डावर छापून आत ठेवा.