मदत हवी आहे : मोठ्या ई-इंक स्क्रीनबद्दल पुण्यात कोणाचा अनुभव?

नमस्कार मंडळी. आईसाठी मोठ्या ई-इंक पडद्याचं (म्हणजे छापील कागदासारखा दिसणारा, किंडलमध्ये असतो तसा पडदा) उपकरण घ्यायचं आहे. ती निवृत्त संस्कृत शिक्षिका; दिवसभर जुन्या पोथ्यांच्या आणि कोशांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ वाचते. टॅबलेटवर तासाभरात डोळे चुरचुरतात. माझ्या ६ इंची किंडलवर पान बसतं, पण जोडाक्षरं मुंगीएवढी होतात. स्कॅन म्हणजे चित्रच, त्यामुळे त्यातला फाँट मोठा करता येत नाही. म्हणून पडद्याचा आकारच महत्त्वाचा.

१०.३ इंची पडदा साधारण ए५ कागदाएवढा, १३.३ इंची ए४ च्या जवळ जातो. घोळ इथेच आहे. बऱ्याच १३.३ इंची पडद्यांवर इंचाला २०७ ठिपके असतात, किंडल स्क्राइबवर (पेनाने लिहिता येणारं मोठं किंडल) ३००; पण २०२४ पर्यंतचे स्क्राइब १०.२ इंची. तळटीपांमधले अनुस्वार आणि रफार २०७ वर स्पष्ट दिसतात का? कोणी वापरत असेल तर कृपया एका पानाचा फोटो टाका.

रंगीत पडदा नको असं माझं मत. कॅलिडो ३ या रंगीत ई-इंक पडद्यात रंग इंचाला १५० ठिपक्यांवरच येतात आणि वरच्या रंगगाळणीमुळे पांढरा भाग करडा दिसतो. समासात पेनाने टिपणं मात्र हवीतच.

हेच लॅपटॉपला जोडून मॉनिटर म्हणूनही चालेल का? स्क्रोल करताना मागच्या पानाची सावली किती राहते?

आम्ही कोथरूडला राहतो. सदाशिव पेठ, कर्वेनगर, कुठेही कोणाकडे १३.३ इंची असेल, तर आईला घेऊन अर्धा तास बघायला येऊ का? तिने स्वतः वाचून पाहिल्याशिवाय एवढे पैसे घालायचा धीर होत नाही.