मुलगी ‘वयात येते’, ‘शहाणी होते’ की ‘जाणती होते’?

कृष्णाकाठची (सांगली)

एका शब्दापाशी अडले आहे, मदत करा.

मिरज तालुक्यातल्या एका गावात मी दर रविवारी मुलींचं वाचन घेते. नववी ते अकरावीच्या पंधरा-सोळा जणी येतात. या वेळचा विषय होता, कादंबरीत लहानपणापासून आपल्या डोळ्यांदेखत मोठी होत जाणारी नायिका. फळ्यावर सहज लिहून गेले, ‘वयात येणाऱ्या नायिका’. खडू ठेवून वळले तर सगळ्यांच्या माना खाली, दोघी एकमेकींना कोपरानं ढोसतायत. मागच्या बाकावरची एक, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, म्हणाली, ‘मॅडम, दुसरं कायतरी लिवा की. ह्ये त्या तसल्या तासाला लिवत्यात.’ तसला तास म्हणजे पाळीची माहिती द्यायला बाहेरून ताई येतात तो.

पोरीचं बरोबर होतं. मुलगी वयात आली म्हणजे काय झालं हे मराठीत कुणी कुणाला विचारत नाही. मला मात्र निराळं सांगायचं होतं. अल्लड पोरीला माणसं ओळखू यायला लागतात, घरातलं झाकलेलं दिसायला लागतं, स्वतःची चूक गिळून न टाकता बोलून दाखवता येते, एखादी गोष्ट तिची ती ठरवते. ह्या सगळ्याला मिळून शब्द कोणता?

फळा पुसला आणि तेवढी जागा मोकळी सोडून आले. येत्या रविवारी भरायची आहे.

माणदेशी (आटपाडी)

ताई, आमच्याकडचे शब्द आठवून बघितले. पोरगी शाणी झाली. न्हाण आलं. पदर आला. न्हातीधुती झाली. मग उपवर झाली, मग उजवली. एक अंगाचा नाहीतर लग्नाचा, तिसरा नाही. पोराला मिसरूड फुटलं एवढाच काय तो अंगाचा शब्द. पुढं तो हाताशी आला, कर्ता झाला, चार पैसे मिळवायला लागला.

पोरगी आठव्या वर्षापासून हाताशीच असते. भाकरी थापते, धाकटं भावंड काखेत घेऊन फिरते. पण ‘लेक हाताशी आली’ हे आईच तेवढी म्हणते. पारावर मी ते कधी ऐकलं नाही.

वाचनवेडा (विटा)

‘किशोरवयीन’ लिहा. पुस्तकी आहे, पण कुणाची मान खाली जाणार नाही.

कृष्णाकाठची (सांगली)

दादा, किशोरवयीन म्हटलं की वय कळतं, वाढ कळत नाही. पहिल्या पानावर जशी होती तशीच शेवटच्या पानावर राहिलेली मुलगीसुद्धा किशोरवयीनच. शिवाय तो शब्द घरात कुणी बोलत नाही. मला बोलीतला हवा आहे.

बाणगंगा (फलटण)

मी ‘घडण’ सुचवेन. तुम्ही म्हणता त्या जातीच्या कादंबरीला जर्मन लोक बिल्डुंग्सरोमान म्हणतात. कार्ल मॉर्गेनस्टर्न नावाच्या प्राध्यापकानं १८१९ च्या सुमारास व्याख्यानांतून तो शब्द वापरला. रोमान म्हणजे कादंबरी. बिल्डुंगमध्ये शिक्षण आहे आणि आकार येणंही आहे, कारण त्याच्या पोटातला ‘बिल्ड’ म्हणजे चित्र. आपल्या ‘घडण’ला तो सगळ्यात जवळचा वाटतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. या प्रकाराचा नमुना म्हणून जर्मन लेखक गटेची विल्हेल्म माइस्टरवरची कादंबरी सांगतात, १७९५-९६ ची. तिचा नायक घरचा व्यापार सोडून नाटकमंडळींबरोबर हिंडतो, फसतो, प्रेमात पडतो आणि त्यातून शिकतो. म्हणजे हिंडायला मोकळीक असलेल्या मुलाचा हा साचा. आपल्याकडच्या जुन्या कादंबरीतली मुलगी हिंडते कुठे? माहेर ते सासर. तिची घडण उंबऱ्याच्या आतच शोधावी लागते.

कृष्णाकाठची (सांगली)

उंबऱ्याच्या आत शोधायचं हे मनापासून पटलं. पण ‘घडण’ म्हटलं की मला सराफकट्टा दिसतो. दागिना घडतो तेव्हा घडणावळ सोनार घेतो, सोन्याला कुणी विचारत नाही. मुलींबद्दल बोलतानाही तसंच होतं, ‘तिची जडणघडण आजीच्या हाताखाली झाली’, ‘वडिलांनी तिला घडवलं’. आभाराच्या भाषणात हे शोभतं. गोष्टीत मला ती स्वतः काय करते ते हवं आहे.

‘पोक्त’ आणि ‘परिपक्व’ही डोक्यात येऊन गेले. पोक्त फारसीतला, पक्व संस्कृतातला, आणि दोन्हींचा मूळ अर्थ शिजलेला, पिकलेला. शिजायला चुलीवर ठेवणारं कुणीतरी लागतंच. आणि सोळा वर्षांच्या मुलीला पोक्त म्हणवत नाही, त्या शब्दाला जरा पिकल्या केसांचा वास आहे.

मला खरी हळहळ वाटते ती ‘शहाणी’ची. केवढा चांगला शब्द! ‘सज्ञान’वरूनच तो आला असं मानतात. म्हणजे जिला ज्ञान झालं ती. आणि आपण त्याचं काय केलं? मुलाला शहाणा म्हटलं की त्याची अक्कल, मुलगी शाणी झाली की तिची पाळी. पूर्वी न्हाणवलीला मखरात बसवायचे, आयाबाया ओटी भरायच्या, गावभर कळायचं. पण तिला काय कळलं, हे कुणी विचारलं असेल?

वसनाकाठ (कोरेगाव)

‘सज्ञान’ वाचलं म्हणून लिहिते. आमच्याकडं हा शब्द पुस्तकात नसतो, सातबाऱ्यावर असतो.

मी अकरा वर्षांची असताना वडील गेले. वारसनोंद झाली आणि उताऱ्यावर माझं नि भावाचं नाव लागलं, पुढं ‘अ.पा.क. आई’. अज्ञान पालन कर्ता. अज्ञान म्हणजे अठराच्या आतलं, हे मला बारावीत कळलं. तोवर उतारा हातात आला की वाटायचं, सरकारदरबारी आपल्याला अडाणी लिहिलंय.

भाऊ अठरा पुरा झाला त्याच महिन्यात घरातल्या मोठ्यांनी त्याच्या नावापुढचा शेरा कमी करून आणला. मी त्याच्याहून दीड वर्षानं मोठी. माझा शेरा तसाच. विचारलं तर उत्तर आलं, ‘तुझं काय, तू जाणार.’ मी काही बोलले नाही. पुढं कॉलेजच्या सुट्टीत शाळा सोडल्याचा दाखला घेऊन एकटी चावडीत गेले, अर्ज दिला. फेरफार पडला, नोटिशीचे पंधरा दिवस गेले, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. नवा उतारा काढला. माझ्या नावापुढं काहीच नव्हतं. नुसतं नाव. एसटी स्टँडवर बसून मी तो कागद किती वेळा उलगडून बघितला असेल.

मला कुणी विचारलं की मोठी कधी झालीस, तर मी तो दिवस सांगेन. त्याला शब्द कुठला ते तुम्ही ठरवा.

माणदेशी (आटपाडी)

ताई, वाचून गप्प बसलो. माझ्या बहिणीच्या नावापुढचं ‘अ.पा.क.’ अजून तसंच आहे. ती चौतीस वर्षांची आहे. उद्याच उतारा काढतो.

कृष्णाकाठची (सांगली)

कोरेगावच्या ताई, तुमची परवानगी असेल तर नाव-गाव न सांगता हे मी मुलींना वाचून दाखवीन.

तुमचं वाचल्यावर दोन नायिका शेजारी शेजारी येऊन बसल्या. ह. ना. आपट्यांची यमू आणि शांता शेळक्यांनी ‘चौघीजणी’तून मराठीत आणलेली ज्यो. ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येत होती, ज्योची मूळ इंग्रजी गोष्ट १८६८ ची. दोघींच्या गोष्टीत केस कापण्याचा प्रसंग आहे, आणि मुलींना दाखवायला याहून चांगली जोडी मला सापडलेली नाही.

ज्योचे वडील युद्धावर असताना आजारी पडतात, आईला तातडीनं निघायचं असतं, घरात पैसे नसतात. ज्यो बाहेर जाते, स्वतःचे लांबसडक केस विकते आणि पंचवीस डॉलर आईच्या हातात ठेवते. घरच्यांसमोर धीट राहते, रात्री मात्र अंथरुणात त्याच केसांसाठी रडते. मला तिचं ते रडणं फार मोलाचं वाटतं. निर्णय तिचा म्हणून दुःख काही कमी होत नाही.

यमूला नवरा चांगला मिळतो, तो तिला लिहा-वाचायला शिकवतो, मुंबईच्या बिऱ्हाडात ती फुलते. तो मरतो आणि घरची माणसं तिच्या मनाविरुद्ध तिचं केशवपन करतात.

आता व्याकरण बघा. तिनं केस कापले. तिचे केस कापले. एका ‘तिनं’चा फरक. तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय. माणदेशी दादांनी दिलेले शब्द परत वाचा: तिला न्हाण आलं, तिला पदर आला, तिला उजवली. तिन्हीकडे ‘तिला’. मोठी होणाऱ्या नायिकेची गोष्ट म्हणजे ‘तिला’पासून ‘तिनं’पर्यंतची वाट, असं मी म्हणून बघते. पटतं का?

अजिंक्यतारा (सातारा)

मॅडम, मी तीस वर्षं मराठी शिकवलं, म्हणून अडवतो. कल्पना सुरेख आहे, पण प्रत्ययावर एवढा भार टाकू नका.

‘तिनं मार खाल्ला.’ इथं ‘तिनं’ आहे, इच्छा कुठं आहे? ‘ती घर सोडून निघाली.’ इथं ‘तिनं’ नाही, पण सगळा निर्णय तिचाच. क्रियापद अकर्मक आहे, एवढंच त्याचं कारण. आणि ‘मला शिकायचंय’ हे वाक्य घ्या. ‘मला’ म्हणजे तुमच्या हिशेबानं सोसणारी. पण मुलीच्या तोंडून याच्याइतकं ठाम वाक्य मी वर्गात ऐकलेलं नाही. मराठीत इच्छासुद्धा ‘मला’ होते. मला पाहिजे, मला आवडतं, मला जायचंय. ‘मला’ला कमी लेखू नका.

आणखी एक. यमू स्वतःची गोष्ट ‘मी’ म्हणून सांगते. ‘मी’ला आपण ‘ने’ लावतच नाही. ‘मी आले’, ‘मी ठरवलं’, दोन्हीकडे ‘मी’ तसाच. मग तिथं तुमची वाट कशी दिसणार?

कृष्णाकाठची (सांगली)

सर, मार खाल्ला. हे वाक्य आता कायम माझ्याजवळ राहील.

‘मला’बद्दल तुमचं पूर्ण मान्य. उलट त्यानं माझी वाट जास्त नीट दिसली. आधी ‘मला कळायला लागलं’. मग ‘मला पाहिजे’. मग ‘मी ठरवलं’. तीन पायऱ्या आहेत, आणि मधली पायरी मी गाळत होते. चांगली कादंबरी मधल्याच पायरीवर सगळ्यात जास्त रेंगाळते. यमूला कळतं पुष्कळ, हवंही असतं पुष्कळ. तिसऱ्या पायरीवर तिला पाय ठेवू दिला जात नाही, म्हणून ती गोष्ट आजही जिवाला लागते. ती मोठी झाली नाही असं मात्र मी कुणालाही म्हणू देणार नाही. सगळी गोष्ट तीच सांगते आहे.

तर शब्द. मी ‘जाणती’वर येऊन थांबले आहे. सातारकरांना हा शब्द परका नाही, सज्जनगडावरच्या समर्थांनी शिवाजी महाराजांना ‘जाणता राजा’ म्हटलं. पुरुषाला लावला की एवढा मोठा होणारा शब्द मुलीलाही तितक्याच वजनानं लावावा असं मला वाटतं. तो अंगाचा नाही, लग्नाचा नाही. आणि त्याची जोडीदारीण भजनात रोज भेटते: नेणती. नेणत्या वयातली पोर. ‘नेणती’ म्हणताना आपण कुणाला हिणवत नाही, त्या शब्दात माया आहे. म्हणून फळ्यावर लिहीन ‘नेणतीची जाणती’.

वाचनवेडा (विटा)

किशोरवयीन मागे घेतो.

बाणगंगा (फलटण)

‘जाणती’ चांगला, पण बोलण्यात ‘जाणती बाई’ म्हणजे वयानं मोठी, चार गोष्टी सांगणारी असाही अर्थ होतो. ‘कळती’ घेतलात तर? ‘कळत्या वयाची’ सगळे म्हणतात.

कृष्णाकाठची (सांगली)

‘कळती’वर मीही थांबले होते. पण ‘कळत्या वयाची’मध्ये कळणं वयाला मिळतं, मुलीला नाही. ‘जाणती’ ती स्वतः. वयाची छटा राहू दे, मुलीच हा शब्द वापरून वापरून तरुण करतील.

येरळामाई (खटाव)

सातारच्या सरांनी ‘मी’ला ‘ने’ लागत नाही म्हटलं. पुस्तकातल्या ‘मी’ला नसेल. आमच्या आजीच्या ‘मी’ला लागतो. ती ‘मी आले’ म्हणते, पण ‘म्या केलं’ म्हणते. कधी चुकत नाही, आणि शाळेत एक दिवस गेलेली नाही.

हा धागा वाचून काल तिला विचारलं, आजी तू जाणती कधी झालीस? मला वाटलं न्हाण सांगेल नाहीतर लग्न. ती बाहत्तरच्या दुष्काळात गेली. पंधराची होती, रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. संध्याकाळी मोजमाप घेणारा तिच्या ढिगाचं माप दर दिवशी थोडं कमी लिहायचा. बाकीच्या बाया डोक्यावरचा पदर पुढं ओढून घरला जायच्या. ही तिथंच ढिगावर बसून राहिली. हे सांगताना तिनं कवळीतली सुपारी हातावर काढून घेतली, नीट बोलता यावं म्हणून.

‘त्यो म्हनला, ऊठ. म्या म्हनलं, न्हाई. परत मोज.’