उत्तर: ऑडिट लॉगसाठी रिक्वायर्स-न्यू

मुख्य ट्रान्झॅक्शन (डेटाबेसमधल्या बदलांचा एक गट) रोलबॅक झालं, म्हणजे मागे फिरवलं गेलं, तरी ऑडिटची (कोणी काय केलं याची) नोंद टिकावी म्हणून स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कमध्ये रिक्वायर्स-न्यू, म्हणजे आतल्या कामासाठी वेगळं नवं ट्रान्झॅक्शन उघडणारी सेटिंग, लावा, असं या चर्चेत आधी सुचवलं गेलं, ते बरोबरच आहे. पण त्याची किंमत कुणी सांगितली नाही. बाहेरचं ट्रान्झॅक्शन नुसतं थांबवलं जातं, त्याचं कनेक्शन सुटत नाही, आणि आतल्यासाठी पूलमधून (तयार ठेवलेल्या डेटाबेस कनेक्शन्सच्या साठ्यातून) दुसरं मागितलं जातं. हिकारी या पूल सांभाळणाऱ्या लायब्ररीत मुळात, वेगळं काही सांगितलं नाही तर, 10 कनेक्शन्स. एकाच वेळी 10 रिक्वेस्ट आल्या की प्रत्येकीच्या हातात एकेक आणि सगळ्या दुसऱ्याची वाट बघत! 30 सेकंदांनी टाइमआउट. गंमत म्हणजे डेटाबेसला यातलं काहीच कळत नाही. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये बघाल तर सगळी सेशन्स 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' (ट्रान्झॅक्शन उघडं, पण काम काहीच नाही) दिसतात, डेडलॉकची, म्हणजे एकमेकांसाठी अडकून बसल्याची, एकही नोंद नाही. आमच्याकडे टेस्टिंगमध्ये हे कधीच सापडलं नाही, कारण तिथे एवढी गर्दी नसतेच.

पूल वाढवायचाच असेल तर 20 थ्रेड्स (एकाच वेळी चालणारी कामं) आणि प्रत्येकी 2 कनेक्शन्स या हिशेबाने किमान 21 हवीत: प्रत्येकाच्या हातात एक धरून 20, आणि कुणीतरी पुढे सरकावं म्हणून आणखी एक. मला मात्र ऑडिटचा कॉल ट्रान्झॅक्शनच्या बाहेर, वरच्या थरात काढणं जास्त पटतं. आफ्टर-कमिट लिसनरच्या (ट्रान्झॅक्शन पक्कं झाल्यावर चालणाऱ्या कोडच्या) भरवशावर राहू नका, तो चालतो तेव्हाही पहिलं कनेक्शन सहसा अडकलेलंच असतं.