आधी नवोदित, मग चहा, मग मान्यवर: कविसंमेलनाची ही रीत बदलावी का?

मूळ मत (एक नवोदित कवी):
अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनात निमंत्रितांचे कविसंमेलन एकीकडे आणि निमंत्रण नसलेल्या कवींचा कविकट्टा दुसरीकडे, ही विभागणी आता इतकी अंगवळणी पडली आहे की गावोगावचे छोटे आयोजकही एका संध्याकाळचे तसेच दोन तुकडे पाडतात. गेल्या महिन्यात अशाच एका कार्यक्रमात मी कविता वाचली. ६ ची वेळ होती, दीपप्रज्वलन पावणेसातला झाले आणि मी दुसऱ्या कडव्यावर असतानाच ‘कृपया आवरते घ्या’ अशी चिठ्ठी पुढे आली. माझी ओळख करून देताना सूत्रसंचालकांनी म्हटलेल्या चारोळ्या माझ्या कवितेहून लांब होत्या, हे जाता जाता सांगतो. मान्यवर कवी चहाच्या वेळी आले. आमच्यापैकी एकाचीही कविता त्यांच्या कानावर पडली नाही. म्हणून एक ज्येष्ठ, एक नवोदित असे आलटूनपालटून वाचन व्हावे आणि सर्वांना सारखाच वेळ मिळावा.

प्रतिसाद (एक आयोजक):
चिठ्ठीबद्दलची आपली तक्रार रास्त आहे, उपाय मात्र पटत नाही. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांचे एकत्रित काव्यवाचन गावोगावी रंगले, कारण तेथे तिघेच होते आणि प्रत्येकाला स्थिरावायला अवकाश होता. २० कवींना ४-४ मिनिटे दिली तरी ८० मिनिटे होतात, त्यात निवेदन वेगळेच. शेवटी कोणाचीच कविता मनात मुरत नाही. शिवाय लोक घरून निघतात ते पत्रिकेवरचे एखाददुसरे नाव वाचून, हेही नाकारता येणार नाही.

प्रतिसाद (एक श्रोता):
मला आलटूनपालटून वाचन नको आहे, पण ते नवोदितांच्याच हितासाठी. पुण्यात १९२३ मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळ या कवींच्या गटाने काव्यगायन लोकप्रिय केले, तेव्हापासून आपला कान चालीला सरावला आहे. एखाद्या ज्येष्ठाने खड्या आवाजात गेय कविता म्हणून सभागृह डोक्यावर घेतले की पाठोपाठ मुक्तछंदातली दबक्या सुरातली कविता वाचणाऱ्या मुलीला दाद मिळत नाही. तेव्हा लोक अजून आधीच्याच ओळी गुणगुणत असतात. सरमिसळ करायचीच असेल तर ज्येष्ठ-कनिष्ठ न पाहता कवितेचा पोत पाहून क्रम लावावा, आणि त्यासाठी आयोजकांनी कविता आधी मागवून वाचाव्यात.

मूळ मतकर्ता:
सारख्या वेळेचा हट्ट सोडतो आणि क्रमाबद्दलची सूचनाही मान्य करतो. एक मागणी मात्र सोडणार नाही: ज्येष्ठांनी पहिल्या कवितेपासून समोर बसलेले असावे. मला त्यांच्या टाळ्या नकोत. ओळ कुठे पडली हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले तरी पुरे.

आयोजक:
हे मान्य. आता त्यांच्या पत्रिकेत ६ ऐवजी साडेचार छापावे लागतील, एवढेच.